काठावरचा गाळ

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा पाट नव्हे. त्याच्यावर निदान पाहुणे तरी बसतात. मी शेताला पाणी नेणारा, मातीचा पाट. मंगळवेढ्याहून सांगोल्याकडे निघालात की माळ लागतो, माळ ओलांडला की बोरखडी नावाचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर काळ्या दगडांचा बसका बंधारा आहे. तिथून मी सुरू होतो, आणि शेतांच्या कडेकडेने वळत वळत खाली रंभाबाईच्या पानमळ्यात जाऊन संपतो.

माझं वय मला नक्की सांगता येणार नाही. बंधाऱ्याशेजारी एक उभा दगड आहे. त्यावर चंद्रसूर्य कोरलेत आणि खाली काही झिजलेली अक्षरं आहेत. बायका त्या दगडावर गोधड्या आपटतात, त्यामुळे अक्षरं दर साली आणखी थोडी कमी होतात. वाचता कुणालाच येत नाहीत, म्हणून ज्याच्या मनात जो राजा असेल तो मला खणणारा ठरतो. मी कुणाला नाही म्हणत नाही. मोठ्या घरचं म्हटलेलं कुणाला नको असतं?

पण एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मी पहिला नाही. माझ्या डाव्या हाताला शेतांतून एक लांबट, खोलगट पट्टा गेलेला दिसतो. गाव त्याला ‘थोरला’ म्हणतं. तोही माझ्यासारखाच पाट होता. त्याच्यात गाळ साचत गेला, लोक काढत गेले, काढून काढून थकले, आणि शेवटी म्हणाले की हा उपसण्यापेक्षा शेजारी नवा खणलेला बरा. तो नवा म्हणजे मी. मी खळखळत वाहायला लागलो तेव्हा थोरला अजून अर्धामुर्धा ओला होता. माझ्याकडे तो कोणत्या नजरेने बघत असेल, याचा विचार करायला मला तेव्हा सवड नव्हती. आज त्याच्या अंगावर शाळूची ज्वारी होते, आणि कणसं अशी की बघणाऱ्याने हात लावूनच पुढे जावं. सगळा जुना गाळ ना तो. लोक म्हणतात, थोरल्याची जमीन सोनं आहे. मित्रांनो, मेलेल्या भावाचं एवढं कौतुक आणि जिवंत भावाकडे पाठ, हे मी किती वर्षं ऐकून घेतलंय.

गाळ म्हणजे काय ते आता सांगायला हवं. पावसाळ्यात ओढा माळावरची माती धुऊन आणतो. पाणी धावत असतं तोवर माती त्याच्या कडेवर असते. माझा उतार अगदी हलका, त्यामुळे माझ्यात शिरलं की पाणी धावायचं थांबून चालायला लागतं, आणि दमलेली आई जशी कडेवरचं मूल हळूच खाली ठेवते, तसं ते माती खाली ठेवतं. थरावर थर बसतो. दिवाळीपर्यंत माझी खोली निम्मी होते आणि शेपटाकडच्या शेतांना पाणी पोचता पोचत नाही. पाटाला हा एकच रोग. मोठमोठ्या राजांनी खणलेले पाट लढाईत बुजले नाहीत. ते असे मुकाट्याने, तळापासून वर भरत गेले.

यावर औषधही एकच, दर साली काढायचं. आमच्याकडे ओढा आटला की चैत्रात गाळकाढणी असे. ज्या घराला जेवढी पाण्याची पाळी, तेवढी त्या घराने माझी लांबी साफ करायची, असा जुना शिरस्ता. हलगी वाजायची. गडी कमरेपर्यंत माझ्यात उतरून खोऱ्याने गाळ ओढायचे, बायका टोपल्या भरून वर द्यायच्या. दुपारी काठावर आंबील आणि भाकरी यायची. कुणाचा तुकडा जास्त खोल, कुणाचा तळ जास्त सरळ, यावरून दिवसभर टोमणे चालायचे. एखाद्याने तळ वाकडा ठेवला तर त्याच्या बायकोलाही विचारायचे, घरात भाकरी पण अशीच वाकडी मिळते काय गं? पाठ चोळून न्हाऊ घातलेल्या पोराला जसं हलकं वाटतं ना, तसं मला त्या संध्याकाळी वाटायचं.

आता इथे एक मेख होती. काढलेल्या गाळाचं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, शेतात टाकायचा. तो टाकला तर पीक डोलतं, हे लहान पोरालाही कळतं. पण फार पूर्वी, आजच्या म्हाताऱ्यांच्या आज्याच्याही आधी, दोन घरं त्या गाळावरून भांडली. एकाच्या तुकड्यात गाळ जास्त साचायचा, दुसऱ्याच्या कमी. माझ्या शेतात सोनं का नाही, याचं दुःख कमी होतं. त्याच्या शेतात का आहे, हे जास्त होतं. डोकी फुटली. तेव्हा जाणत्यांनी निवाडा दिला की गाळ कुणाचाच नाही. तो काठाचा. काढायचा आणि काठावर टाकायचा. जो टोपलीभर घरी नेईल त्याची पाण्याची पाळी बंद.

निवाडा सगळ्यांना पटला. मला मिळालं नाही तरी चालेल, शेजाऱ्याला मिळता कामा नये, या बोलीवर माणसं किती लवकर एक होतात.

त्या दिवसापासून माझाच गाळ माझ्याच काठावर चढू लागला. दर साली थोडा. आधी बसायला ओटा झाला, मग छातीइतका बांध झाला, मग माणूस पलीकडे दिसेनासा झाला. आता गाळ वर फेकायचा तर एकदा मधल्या पायरीवर, तिथून दुसऱ्या गड्याने पुन्हा वर. काम दुप्पट. आणि पहिला जोराचा पाऊस आला की काठ ढासळून निम्मा गाळ परत माझ्या अंगावर. रांधलेलं अन्न पुन्हा चुलीत ओतावं तसा प्रकार. तरी नियम म्हणजे नियम. काठाला कुणी हात लावला नाही.

त्यातच जर्मनचं युद्ध संपलं, मागोमाग अवर्षणं आली, आणि गावातले तरणे गडी एकेक करून सोलापूरच्या गिरण्यांत गेले. सणाला येत तेव्हा अंगावर कोरं धोतर असे आणि तोंडात गिरणीच्या भोंग्याच्या गोष्टी. खोरं धरायला म्हातारे उरले. गाळकाढणीची हलगी वाजली तरी माझ्यात उतरणारे पाय थोडेच असत.

याच दिवसांत ती आली. विहीर.

सिद्धलिंगप्पा म्हणून गावातले एक लिंगायत शेतकरी, सगळ्यांचे आप्पा. त्यांचं मंगळवेढ्यात ज्वारीचं दुकान, आणि शेत नेमकं माझ्या काठाखाली. पाण्याची वाट बघून वैतागलेल्या आप्पांनी पाणाड्या आणला. तो हातात फांदी धरून फिरला आणि माझ्यापासून हाकेच्या अंतरावर थांबला. तिथे खणलं. खडक लागला, आणि खडकाच्या फटीतून असं गोड, नितळ पाणी आलं की पाणाड्याची आरती तेवढी करायची राहिली. गौरम्मा, म्हणजे आप्पांची बायको, हिने विहिरीला हळदकुंकू वाहिलं, खणनारळ दिला. सगळं गाव कठड्यावर वाकून बघत होतं. पाण्यात आपापली तोंडं दिसली म्हणून बायका हसत होत्या.

मित्रांनो, माझ्या गढूळ पाण्यात आजवर कुणाला आपलं तोंड दिसलं नाही. मला खण कुणी दिला? मी इतकी वर्षं वाहतोय, माझ्यात लोकांनी म्हशी बसवल्या.

आणि ती नुसती उभी असायची. ना वाहणं, ना वळणं. जागच्या जागी उभी राहून गावाचं कौतुक घ्यायचं. बैल मोट ओढायचे, नाडा करकरायचा, थारोळ्यात पाणी कोसळायचं, आणि तो आवाज दिवसभर माझ्या कानांवर. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, बघा, ह्याला गाळ न्हाय, काढणी न्हाय, कुणाच्या पाळीची वाट बघणं न्हाय. त्या वर्षापासून आप्पा गाळकाढणीला आले नाहीत. त्यांचा तुकडा तसाच राहिला. मग शेजारच्या रामहरीने विचारलं, आप्पांनी काढला न्हाय तर मीच का काढू? मग त्याच्या शेजाऱ्याने विचारलं. हा प्रश्न माझ्यापेक्षा वेगाने खाली वाहत गेला. दोन पावसाळ्यांत माझा तळ आणि शेतं एका पातळीला आली.

माझ्या शेपटाशी रंभाबाईचा पानमळा. रंभाबाई विधवा. सासूने लावलेले पानवेल तिने सांभाळले होते. शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल, आत गार काळोख, आणि आत जाताना पायताण बाहेर काढायचं, पाटील असला तरी. पानं केळीच्या सोपटात बांधून ती मंगळवेढ्याच्या बाजारात न्यायची. पानवेलाला पाण्याचा खाडा चालत नाही. ज्वारी रुसली तर पुढच्या साली हसते. पानवेल एकदा वाळला की वेल लावणाराच पुन्हा जन्माला यावा लागतो. रंभाबाईचं घर त्या मळ्यावर आणि मळा माझ्यावर. मी तिला आवडायचो असं मी म्हणणार नाही, कारण माझ्या वेळीअवेळी येण्याबद्दल तिने मला खूप शिव्या दिल्यात. पण पाणी आलं की आधी हात बुडवून डोळ्यांना लावायची. तेवढं माझं होतं.

मी पोचेनासा झालो, तेव्हा ती एक दिवस घागर घेऊन निघाली. माझ्या कोरड्या तळातून चालत, माझ्या अंगावर पाय देत, आणि सरळ विहिरीवर गेली.

गौरम्माने नाही म्हटलं नाही. ने बाई, देवाचं पाणी हाय, म्हणाली. रंभाबाई घागरीवर घागर वाहू लागली. विहिरीचं पाणी माझ्या रंभाबाईच्या डोक्यावरून, माझ्याच वाटेने, माझ्या पानमळ्याला. इतका मत्सर माझ्या मातीत मावेल असं मला वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, आटावी ही विहीर.

आणि त्याच हिवाळ्यात माझ्या मरणाचा बेत ठरला.

माझ्या काठावरच्या बाभळीखाली गाव बसलं होतं. मधोमध महिपती पाटील, बाजूला आप्पा. आप्पांचं म्हणणं साधं होतं. पाट तर आता भरलाच आहे. दोन्ही काठांवर गाळाचे डोंगर उभे आहेत. ते आत ढकलले, वरून मुरूम टाकला, की बाजाराला जायला सरळ गाडीवाट होते. बैलांचा वळसा वाचेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं ठरलं, म्हणजे वळवाच्या आत उरकेल.

रंभाबाई कडेला उभी होती. ती म्हणाली, “आणि माझा मळा?”

“अक्का, तुमाला इहिरीचं पाणी हाय की,” आप्पा म्हणाले.

“घागरीनं मळा जगतोय व्हय, आप्पा? तुमी तुमच्या ज्वारीला घागरीनं घालून बगा.”

“मग काय, एका पानमळ्यापायी गावानं वळसा घालावा?”

“घालावा की. माज्या पानानं गावाची तोंडं रंगत्यात. गाडीवाटेनं काय रंगणार हाय?”

माणसं हसली, पण बेत बदलला नाही. पाटील म्हणाले, बघू, आणि पाटलांच्या ‘बघू’चा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. मी थोरल्याकडे बघितलं. त्याच्या अंगावर शाळू डुलत होता. माझ्या अंगावर तर तेही येणार नव्हतं. माझ्यावर बैलगाड्या येणार होत्या.

शिमग्याच्या सुमारास विहिरीचं पाणी खाली जाऊ लागलं. आधी एक पायरी उघडी पडली, मग आणखी. मोट भरून यायला वेळ लागू लागला. कुणी म्हटलं नजर लागली. कुणी म्हटलं एवढ्या घागरी उपसल्यावर काय होणार. आप्पांचा स्वभाव वाईट नव्हता, पण आटणारी विहीर चांगल्या माणसालाही मूठ आवळायला लावते. त्यांनी रंभाबाईला सांगितलं की आता दिवसाला थोड्याच घागरी न्या, अक्का, आमचंच भागंना झालंय.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, नाही असं नाही. पण तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. कारण संध्याकाळी रंभाबाई वेलीची पिवळी पानं खुडताना दिसली.

हीच वेळ पानवेल उतरवण्याची. वर चढलेला वेल सोडवून खाली आणतात, त्याचं वेटोळं बुंध्याशी मांडतात आणि त्यावर नवी माती घालतात. मग तो नव्याने मुळं धरतो. माती चांगली, ओल धरणारी लागते. रंभाबाईने मळ्यात उभं राहून इकडेतिकडे बघितलं. माळावर मुरूम. शेतातली माती उचलू कोण देणार? मग तिची नजर माझ्या काठावर गेली. तिथे कित्येक पिढ्यांचा गाळ पडून होता, मऊ, काळा, आत अजून गारवा असलेला.

दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ती टोपली आणि खोरं घेऊन आली, आणि माझा काठ खणू लागली.

त्या पहिल्या घावाला मी दचकलो. माझ्या काठाला आजवर कुणी हात लावला नव्हता. ती टोपल्या भरत गेली, वाहत गेली, वेलांच्या वेटोळ्यांवर गाळ घालत गेली. घागरभर पाणी जिथे पूर्वी दुपारपर्यंत उडून जायचं, तिथे आता ओल टिकू लागली. इकडे गावात मात्र आग लागली. दुपारीच तिला बाभळीखाली बोलावणं आलं.

महिपती पाटलांनी विचारलं, “रंभाबाई, काठाचा गाळ कुणी न्यायचा न्हाय, ठावं हाय न्हवं?”

“ठावं हाय.”

“मग? नेला तर पाण्याची पाळी बंद हुती, हेबी ठावं हाय?”

“व्हय, पाटील. करा बंद.” रंभाबाईने पदर खोचला. “पर आदी मला दावा, पाळी हाय कुटं? औंदा पाटाला थेंब आला न्हाय. जे न्हायच ते काढून कसं घेणार?”

पाटलांनी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी बाभळीकडे. गावाच्या हातात एकच शिक्षा होती आणि ती गावानेच वाळवून टाकली होती. शेवटी पाटील उठले, पायताण घालत म्हणाले की बाईमाणूस आहे, एखाददुसरी टोपली नेली तर नेली. रंभाबाई त्याच दिवशी आणखी टोपल्या घेऊन गेली.

मग जे झालं, ते याच गावात होऊ शकतं.

पाडव्याच्या आसपास रंभाबाईच्या वेलीला नवी पानं फुटली. हिरवीगार, हाताएवढी, बोटाने दाबली तर कुरकुरतील अशी. बाजारात व्यापाऱ्यांनी नावाजली. गावातल्या लोकांना मळ्याच्या कुंपणाशी उगाचच कामं निघू लागली. रामहरी तर रोज तिथे येऊन खाली पडलेलं काहीतरी शोधायचा. त्याला ते कधी सापडलं नाही. पण एक दिवस, ऐन दुपारी, गाव झोपलेलं असताना, तोच रामहरी टोपलीवर पळसाची पानं झाकून माझ्या काठावरून उतरताना दिसला. पानांखाली काय होतं ते मला सांगायला नको.

तो एकटाच नव्हता. पलीकडच्या वळणावर दुसरा एक जण पानं झाकूनच उतरत होता. दोघांची गाठ पडली. दोघांनी एकमेकांच्या टोपलीकडे बघितलं, ऊन लई हाय म्हणाले, आणि आपापल्या वाटेने गेले. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांनी पानं झाकली नाहीत. तिसऱ्या माणसाने तर टोपली आणलीच नाही, गाडी आणली.

मित्रांनो, ज्या मत्सराने माझा काठ वर चढवला, त्याच मत्सराने तो उतरवायला घेतला. रामहरीने नेला तर मी का नको? त्याने एक खेप नेली तर मी दोन नेणार. माणसं पहाटेपासून खोरी घेऊन माझ्यावर. इतकी माणसं एकदम मी गाळकाढणीलासुद्धा बघितली नव्हती. सोलापूरहून सणाला आलेले गिरणीवाले पोरगेही कोऱ्या धोतराचा काचा मारून उतरले. फक्त आप्पा आपल्या विहिरीच्या कठड्यावर बसून मान हलवत होते. म्हणत होते, घ्या, न्या, पण मग पाट बुजवायला माती कुठली आणणार?

त्यांच्याजवळ गौरम्मा येऊन उभी राहिली. पलीकडे रामहरी आप्पांच्या शेताच्या अगदी समोरचा काठ खणत होता.

“बगताय काय?” ती म्हणाली. “आपल्या समोरचा गाळ त्यो नेतोय.”

“नेऊ दे की. इहिरीवाल्याला गाळ कशाला?”

“इहिरीत पाणी हाय का अजून? उद्या त्याचं शेत डोलंल आन् आपुन कट्ट्यावर बसून बगू. उठा की.”

आप्पा उठले, धोतर खोचलं, आणि गड्याला हाक मारली. आणि मी तुम्हाला सांगतो, आप्पांइतका गाळ त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणी नेला नाही. काठ संपला तेव्हा ते थांबले नाहीत. काठाचा गाळ चांगला, तर तळाचा त्याहून ताजा, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळेच माझ्यात उतरले. ज्या तुकड्याला आप्पांनी हात लावायचं सोडल्यामुळे मी बुजलो होतो, तोच तुकडा त्यांनी स्वतः खडकापर्यंत खरवडला. पाठ चोळणं कसलं, अंगाची साल निघाली माझ्या. मी हूं की चूं केलं नाही.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, महिपती पाटील गाडीवाटेचं काम सुरू करायला आले. बरोबर नारळ होता. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आत ढकलायला काठ नव्हता. काठाच्या जागी सपाट जमीन होती आणि मधोमध मी होतो, खोल, सरळ आणि रिकामा.

“गाळ कुटं गेला?” पाटलांनी विचारलं.

उत्तर पाटलांनाही नको होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मळ्यात चार गाड्या पडल्या होत्या. ते थोडं घुटमळले. मग म्हणाले की आता आणलाच आहे तर, आणि नारळ माझ्या काठावर फोडून खोबरं वाटून मोकळे झाले. मला मिळालेला हा पहिला नारळ. तो मला बुजवण्यासाठी आणलेला होता, हे मी जाणूनबुजून विसरलोय.

त्या साली ओढा वेळेवर आला. बंधारा भरला, पाणी माझ्यात शिरलं, आणि मला जाणवलं की ते दमत नाहीये. वळणावर थबकलं नाही, आप्पांच्या शेताशी तुंबलं नाही. रंभाबाई मळ्याच्या कडेला माझ्या टोकाशी उकिडवी बसून वाट बघत होती. आधी काडीकचरा आला, मग फेस आला, मग गढूळ, लालसर पाणी तिच्या पायांना लागलं. तिने हात बुडवून डोळ्यांना लावला आणि बसूनच राहिली. लुगडं भिजलं तरी उठली नाही. वेलींच्या सऱ्या एकेक करून भरत गेल्या.

काही दिवसांनी विहिरीत पाणी चढलं. ओढा जसा माझ्यातून वाहत राहिला तशी एकेक पायरी बुडत गेली. आप्पा रोज कठड्यावरून वाकून बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग पुन्हा विहिरीत. माझ्या तळाशी जो खडक त्यांनी उघडा पाडला होता, त्याच्या फटी कुठे जात होत्या ते आता त्यांना दिसत होतं. मलाही तेव्हाच कळलं. ती नितळ, गोड, खणनारळवाली विहीर इतके दिवस माझंच पाणी पीत होती. मी सुकलो म्हणून ती सुकली होती.

संध्याकाळी रंभाबाई तिथून चालली होती. आप्पा तिला म्हणाले, “अक्का, इहीर माजी खरी. पर पाणी ह्या पाटाचं हाय म्हणायचं.”

“ते तुमी दोगं बगा,” ती म्हणाली. “माज्या वेलीला पोचलं, बास.”

पुढच्या पाडव्याला पाटलांनी नवा शिरस्ता सांगितला. ज्याने त्याने आपल्या तुकड्यातला गाळ काढायचा आणि त्याच दिवशी आपल्या शेतात न्यायचा. काठावर टोपलीभरही ठेवायचा नाही. ठेवील त्याची पाळी बंद. आता शिक्षेत पाणी होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. आप्पा गाळकाढणीला सगळ्यांच्या आधी येतात. रामहरी त्यांचा तळ वाकडा आहे म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखा एखादा पाट असेल, चारी असेल, नाहीतर घरामागची साधी मोरी असेल. तिचा गाळ दर साली काढा. अंगाला चिखल लागेल, लागू द्या. काढलेला तिथेच काठाला ठेवून घरी जाऊ नका. तो बसून राहत नाही, पहिल्या पावसाची वाट बघतो. ज्याला उपयोग असेल त्याला नेऊ द्या, आणि त्याचं पीक तुमच्यापेक्षा चांगलं आलं तर दोन दिवस जळा, पण तिसऱ्या दिवशी तुम्हीही टोपली घेऊन जा.

आणि बोरखडीला कधी आलात, तर लोक तुम्हाला आधी विहीरच दाखवतील. अजूनही तसंच आहे. मला वाईट वाटतं, ते वाटतच राहणार. बघा ती. देखणी आहे, मी नाही म्हणत नाही. तुमची तोंडंही दिसतील तिच्यात. फक्त ओंजळीने पाणी पिऊन झालं की तिथल्या तिथे मागे फिरू नका. हे पाणी आलं कुठून, एवढं कुणाला तरी विचारा, आणि चार पावलं वर चढून या.

मी तिथेच असतो.